दुसरं आहे ना

सहा वर्षांपूर्वी मी आणि माझ्या एका मित्रानं मिळून एक जुनी बोट घेतली. अठ्ठावीस फुटी, दोन इंजिनांची. तो मूळचा साताऱ्याचा, मी डोंबिवलीचा. पण गेली वीसेक वर्षं आम्ही दोघंही शिकागोत, मिशिगन सरोवराच्या काठी राहतो. ‘सरोवर’ या शब्दानं फसू नये. लांबी जवळपास पाचशे किलोमीटर, सर्वांत खोल ठिकाणी २८१ मीटर पाणी, आणि वारा फिरला की तासाभरात छातीत धडकी भरवणाऱ्या लाटा. बोट विकणारा गृहस्थ भला होता. त्यानं दोन्ही इंजिनं चालू करून दाखवली आणि म्हणाला, एक बंद पडलं तरी काळजी नको, दुसरं आहे ना.

हा लेख या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य खोटं नाही. पण ते खरं राहावं म्हणून कुणीतरी काहीतरी करत राहावं लागतं. मी ते केलं नाही, आणि केलं नाही हे वेळेवर सांगितलंही नाही. यातली कुठली चूक मोठी, याचा विचार मी गेली काही वर्षं करतो आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या बोटीला ‘स्टर्न ड्राइव्ह’ होते. यात इंजिन मोटारीसारखंच असतं, बोटीच्या आत, अगदी मागच्या टोकाला बसवलेलं. त्याची ताकद बोटीच्या मागच्या भिंतीतून बाहेर येते आणि बाहेर लटकणाऱ्या एका धातूच्या पायात शिरते. त्या पायातले गिअर ती ताकद काटकोनात वळवून खाली नेतात, परत काटकोनात वळवतात, आणि शेवटी पंखा फिरतो. हा पायच डावी-उजवीकडे वळतो, त्यामुळे वेगळं सुकाणू लागत नाही. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात व्होल्वो पेंटानं ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावानं हा प्रकार आणला आणि तो घरोघरच्या बोटींत पसरला. सोयीची किंमत अशी, की सगळे गिअर पाण्याखाली असतात आणि त्यांच्या ऑइलमध्ये पाणी शिरू न देणं हे काम काही रबरी भाते, काही सील आणि काही टिकलीएवढे वॉशर करतात.

पंखा एका दिशेनं फिरला की बोटीची शेपटी एका बाजूला ढकलली जाते आणि बोट किंचित कलते. दोन इंजिनं असली की यावर सोपा उपाय असतो: एक पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायचा, दुसरा उलटा. दोघांची ओढ एकमेकींना मारते आणि बोट सरळ जाते. मागून पाहिलं तर साधारणपणे उजवा पंखा सुलटा असतो आणि डावा उलटा.

आणि इथेच एक लोकापवाद आहे. धक्क्यावर कुणालाही विचारा, उत्तर मिळेल की उलटा ड्राइव्ह कमजोर, तोच आधी जातो. या समजुतीला अगदीच आधार नाही असं नाही. बोटींच्या काही गिअरबॉक्समध्ये पुढे जाताना ताकद सरळ आरपार जाते आणि रिव्हर्समध्ये मात्र लहान लहान गिअरांच्या फेऱ्यातून जाते. हे लहान गिअर धक्क्याला लागताना मिनिटभर मागे येण्यापुरते बनवलेले असतात. कुणी पंखा उलटा फिरवण्यासाठी असा बॉक्स तासन्‌तास रिव्हर्समध्ये चालवला तर तो जळणारच. काही स्टर्न ड्राइव्हमध्ये उलट्या दिशेसाठी खालची गिअरपेटी वेगळीच घ्यावी लागते. पण आमच्या बोटीवरचा प्रकार तसा नव्हता. त्यात उभ्या दांड्यावर दोन गिअर असतात, एक वर आणि एक खाली, दोन्ही कायम एकमेकांविरुद्ध फिरणारे. मधला एक शंकू वर सरकला की पंखा एका दिशेनं फिरतो, खाली सरकला की दुसऱ्या. यातली ‘खरी’ दिशा कुठली, याला काही अर्थच नाही. डाव्या आणि उजव्या ड्राइव्हमध्ये फरक होता तो पंख्याच्या पात्यांचा आणि एका केबलच्या जोडणीचा.

तरीही पहिल्या दिवसापासून आम्ही डाव्याकडे संशयानं पाहिलं. काही खुट्ट झालं की ‘डाव्यातनं आला का आवाज?’ डावं-उजवं करणं हा शब्दप्रयोग मराठीत उगीच नाही. जो उलटा फिरतो म्हणून बोट सरळ जाते, त्याच्याकडेच आधी बोट दाखवलं जातं. पुढे माझी अब्रू काही काळ या समजुतीनं वाचवली, म्हणून हे सांगून ठेवतो.

आता थोडा हिशेब. हिशेबापुरतं धरून चाला, की एक इंजिन शंभर फेऱ्यांत एकदा दगा देतं. मग दोन इंजिनं असताना निदान एक तरी बंद पडण्याची शक्यता शंभरात जवळजवळ दोन झाली, म्हणजे दुप्पट. दोन इंजिनांच्या बोटीवर बिघाड जास्त होतात, कमी नाही. फायदा वेगळ्या ठिकाणी आहे: दोन्ही एकाच फेरीत बंद पडण्याची शक्यता शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजारांत एक. पण हा गुणाकार करायची परवानगी एकाच अटीवर मिळते. दोन्ही बिघाडांचा एकमेकांशी काही संबंध नसला पाहिजे. टाकीतलं पेट्रोल एकच असेल आणि त्यात पाणी असेल, तर दोन इंजिनं म्हणजे एकच इंजिन. दोघांचे वॉशर एकाच माणसानं एकाच संध्याकाळी बसवले असतील, तरीही तेच.

शिकागोत बोटी ऑक्टोबरमध्ये पाण्याबाहेर काढतात. हिवाळ्यात इंजिनात पाणी राहिलं तर ते गोठून लोखंड फोडतं, म्हणून सगळं पाणी काढायचं, गुलाबी अँटिफ्रीज भरायचं, ड्राइव्हचं ऑइल बदलायचं. पहिल्या वर्षी आम्ही कामाची वाटणी इंजिनांप्रमाणे केली. डावं त्याचं, उजवं माझं. दोघांनीही दोन-दोन शनिवार घातले, एकमेकांना हसलो, एकमेकांच्या चुका काढल्या. दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो. दोघांनीही सगळी कामं शिकण्यात काय अर्थ? तो इंजिनांचं करेल, दोन्ही. मी ड्राइव्हचं करीन, दोन्ही. वेळ निम्मा लागला. ऑफिसात असं केलं तर लोक शाबासकी देतात.

ऑइल बदलताना ड्राइव्हच्या खालचा एक स्क्रू आणि वरचा एक स्क्रू काढतात. त्यांच्याखाली बारीक वॉशर असतात. दर वेळी नवे घालायचे, असं पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं असतं, कारण एकदा आवळला की वॉशर चेपतो आणि परत तितका घट्ट बसत नाही. मी ऑइल आणलं होतं, वॉशर आणायला विसरलो होतो. अंधार पडत आला होता, बोटं गारठली होती, दुकान अर्ध्या तासावर होतं. डाव्या ड्राइव्हचे जुने वॉशर हातात घेऊन मी पाहिले. बरे दिसत होते. थोडा विचार केला, आणि तेच परत घातले.

मग उजव्या ड्राइव्हकडे गेलो. तिथे मी विचारही केला नाही. हे मला फार नंतर लक्षात आलं. डाव्या वेळी मी निदान एक निर्णय घेतला होता, चुकीचा का होईना. उजव्या वेळी फक्त आधीच्या निर्णयाची नक्कल केली. इंजिनं दोन होती, चूक एकच होती.

पुढच्या उन्हाळ्यात, जूनमध्ये, डाव्या ड्राइव्हच्या ऑइलची बाटली थोडी उतरलेली दिसली. ही बाटली आत इंजिनापाशी असते. ड्राइव्हमधलं ऑइल कमी झालं की ती भरून काढते आणि पातळी फार खाली गेली की भोंगा वाजतो. मी वरून भरलं. मित्र म्हणाला, “डावंच ना? वाटलंच होतं.” जुलैमध्ये डावी परत उतरली होती, आणि या वेळी उजवीही, बोटभर. ते पाहिलं त्या क्षणी मला ऑक्टोबरमधली ती संध्याकाळ आठवली. शंका वगैरे नाही, स्वच्छ कळलं. दोन्ही वॉशर गळताहेत.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती, पण स्क्रू पाण्याखाली. बोट क्रेननं बाहेर काढावी लागणार, त्याचे पैसे पडणार, आणि मित्राला सांगावं लागणार की मी पन्नास सेंटचे वॉशर बदलले नव्हते. मी ठरवलं की सप्टेंबरमध्ये सांगू, सीझन संपता संपता. तोवर मीच लक्ष ठेवीन, बाटल्या भरत राहीन. सगळं कसं जबाबदारीनं चाललं आहे असं मला वाटत होतं.

ऑगस्टमध्ये दोन्ही कुटुंबं मिशिगन सिटीला गेलो. शिकागोपासून पाण्यातून साठेक किलोमीटर. निघताना मी दोन्ही बाटल्या रेघेपर्यंत भरल्या, जवळचं जादा ऑइल त्यात संपलं. दोन दिवस तिकडे मजा केली. परतीच्या सकाळी मुलांच्या गडबडीत बाटल्या पाहायच्या राहिल्या. अर्ध्याहून अधिक पाणी कापल्यावर भोंगा वाजला. मित्रानं झाकण उघडून पाहिलं. डावी बाटली रिकामी. त्यानं शांतपणे डावं इंजिन बंद केलं.

एका इंजिनावर अशी बोट पाण्यावर उचलली जात नाही. नाक वर करून, ढुंगण पाण्यात घालून ती ताशी दहा-बारा किलोमीटरनं ढकलत जाते, आणि समोरची ओढ मारणारं कुणी नसल्यामुळे एका बाजूला खेचत राहते. मित्र चाक वाकडं धरून उभा राहिला. वारा उत्तरेकडून वाढत होता, लाटा आडव्या येत होत्या. त्याच्या बायकोनं विचारलं, “काही धोका नाही ना?” तो म्हणाला, “छे, दुसरं आहे ना. डावं जाणारच होतं कधीतरी, उलटं फिरतं ते.”

तेव्हा त्या बोटीवर सात माणसं होती, आणि दुसरं नाहीये हे माहीत असलेला मी एकटा.

पाचेक मिनिटांनी एक म्हातारा मासेमार आपली लहानशी बोट घेऊन जवळून गेला. आमची बोट कशी चालली आहे ते पाहून त्यानं वेग कमी केला आणि हातानं विचारलं, ठीक? मित्रानं अंगठा वर केला. म्हातारा गेला. मी तिथेच उभा होतो. एक हाक मारायची होती.

मग माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, माझ्याजवळ येऊन बसली. तिनं विचारलं, “बाबा, दुसरं नीट आहे ना?” मी म्हणालो, “हो.”

पहिल्या भोंग्यानंतर साधारण वीस मिनिटांनी दुसरा भोंगा वाजला.

तेव्हा मी बोललो. सगळं सांगितलं, वॉशर, जुलै, सगळं. मित्रानं उजवं इंजिनही बंद केलं. गिअर कोरडे चालवून ड्राइव्ह मोडला असता तर मग लाटांच्या तोंडावर नाक धरायलाही काही राहिलं नसतं. अगदीच वेळ आली तर थोडं तरी चालेल असं ते राखून ठेवलं. रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर मदत मागितली. ओढून नेणारी बोट यायला दीड तास लागला. तो दीड तास आम्ही आडव्या लाटांत हेलकावे खात काढला. मुलं लाइफ जॅकेटात कोंबलेली, एकामागून एक ओकत होती. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी सगळे घरी होते.

बोट बाहेर काढली तेव्हा डाव्या ड्राइव्हमधून दुधाळ चहासारखं ऑइल निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. गिअरांवर खड्डे पडले होते. उजवा थोडक्यात वाचला होता. यार्डातल्या मेकॅनिकनं खांदे उडवले: उलटा ड्राइव्ह आहे, हे जातातच. मित्र माझ्याकडे पाहत होता. तो बोलला नाही. बोटीवर मी सगळं कबूल केलेलं असूनही त्या क्षणी मला त्या मेकॅनिकचं म्हणणं किती हवंहवंसं वाटलं, हे सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, “नाही, वॉशर माझे होते.” इतकं तरी जमलं.

विमानांच्या इतिहासात याच गोष्टीचं एक भयंकर रूप आहे. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचं एक ट्रायस्टार विमान मायामीहून नासाऊला निघालं. तीन इंजिनं, आत १७२ माणसं. आधी मधल्या इंजिनाच्या ऑइलचा दाब पडला म्हणून ते बंद करून वैमानिकांनी विमान मागे वळवलं. मग उरलेल्या दोन्ही इंजिनांचे काटेही खाली आले. वैमानिकांना वाटलं, काटेच बिघडले असणार. तिन्ही इंजिनांचं ऑइल एकदम कसं जाईल? पण ते खरंच गेलं होतं. आदल्या देखभालीत तिन्ही इंजिनांतला एक लहान भाग बदलला होता आणि तिन्ही ठिकाणी रबराची गोल सील बसवायची राहिली होती. दोन्ही इंजिनं थांबली, विमान समुद्राकडे उतरत राहिलं, आणि शेवटी ते पहिलं बंद केलेलं इंजिन परत चालू झालं म्हणून ते मायामीला टेकलं. एकही माणूस दगावला नाही.

आज दोन इंजिनांची विमानं समुद्र ओलांडतात त्यासाठी जे नियम आहेत, त्यांत एक साधा नियम असा आहे: एकाच खेपेत दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच माणसानं करायचं नाही. म्हणजे पहिल्या हिवाळ्यात अडाणीपणानं आम्ही जे केलं, ते बरोबर होतं. शहाणे झालो तिथे चुकलो.

माझे वडील एका बँकेत होते. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन अधिकाऱ्यांकडे एकेक. दोघं असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. सोयीसाठी लोक काय करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे: ‘जरा चहाला जातो, माझीही ठेव.’ वडील कधी ठेवत नसत. ताप असला तरी किल्ली द्यायला रिक्षा करून जात, नियमाप्रमाणे सही करून देत. आई चिडायची, ‘दुसऱ्यावर एवढा अविश्वास?’ मलाही ते तेव्हा माणूसघाणेपणाचं वाटायचं. आता वाटतं, अविश्वास नव्हता तो. दोन किल्ल्या एका खिशात गेल्या की तिजोरीला दोन कुलपं असतात पण राखणदार एकच उरतो. दुसरा माणूस ‘दुसरा’ राहावा म्हणून ते रिक्षाचे पैसे घालत होते.

इथवर आलो की लेख संपवता येईल: कामं वाटून घ्या, वॉशर बदला. पण माझ्या मित्राचा राग वॉशरवर नव्हता. तो म्हणाला, “वॉशर मीही विसरलो असतो. तू वीस मिनिटं गप्प कसा बसलास?”

ॲनेट बायर नावाच्या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ साली विश्वासावर एक निबंध लिहिला, ‘ट्रस्ट अँड अँटिट्रस्ट’. त्यांचा मुद्दा असा, की कशावर विसंबून राहणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. कांट रोज ठरल्या वेळी फिरायला निघायचा म्हणून शेजाऱ्यांना त्याच्यावर घड्याळ लावता यायचं. एखाद्या दिवशी तो निघाला नसता तर त्यांची गैरसोय झाली असती, पण कांटनं विश्वासघात केला असं कुणी म्हणालं नसतं. मराठीत यासाठी दोन शब्द आधीपासून आहेत: भिस्त आणि विश्वास. भिस्त पावसावर असते, रेल्वेवर असते, इंजिनावर असते. ती फसली की आपण ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ म्हणतो. म्हशीवर कुणी खटला भरत नाही. विश्वास माणसावर असतो, आणि तो फसला की दुखतं.

त्या दुपारी मित्राची भिस्त उजव्या इंजिनावर होती. पण त्याच्यामागे एक विश्वास होता, आणि तो माझ्यावर होता: काही गडबड असती तर हा बोलला असता. इंजिनाला बोलता येत नाही. ते भोंगा वाजवतं, तोही ऑइल संपल्यावर. त्याच्याआधी बोलू शकणारा भाग बोटीवर एकच होता, तो म्हणजे मी. तोच बंद पडला. यंत्राची विश्वासार्हता आपण तासांत मोजतो, फेऱ्यांत मोजतो. पण तिचा शेवटचा टप्पा बहुतेक वेळा कुणाच्या तरी तोंडात असतो. ज्याला माहीत आहे तो लाज गिळून सांगेल की नाही?

डब्ल्यू. के. क्लिफर्डच्या १८७७ सालच्या ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ या निबंधात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. त्याला शंका येतात, पण तो त्या दाबतो, इतक्या सफरी नीट झाल्या, हीही होईल, अशी स्वतःची समजूत घालतो आणि प्रवाशांसकट जहाज पाठवतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे, आणि त्याची खात्री प्रामाणिक होती यानं काही फरक पडत नाही. मग तो पुढे जातो: जहाज सुखरूप परतलं असतं तरी तो तितकाच दोषी.

हे वाचलं तेव्हा आधी मला बरं वाटलं, कारण मी त्या मालकाइतका वाईट नव्हतो; प्रवाशांवर मी पैसा कमावत नव्हतो. मग लक्षात आलं की एका बाबतीत मी वाईट आहे. त्यानं निदान स्वतःला पटवलं होतं. मला पटलेलंच नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी नऊ वर्षांच्या पोरीला ‘हो’ म्हणालो. सगळे घरी पोचले या गोष्टीचं श्रेय वाऱ्याला आणि त्या ओढणाऱ्या बोटीला आहे.

गप्प का बसलो, याचं खरं उत्तर असं आहे की मी कुणाला फसवत होतो असं मला तेव्हा वाटलंच नाही. मी फक्त थोडा वेळ मागत होतो. उजवं आणखी दोन तास टिकलं तर सगळं निभावून जाईल, आणि मग कधीतरी हसत हसत सांगता येईल. म्हणजे मीसुद्धा उजव्या इंजिनाकडे ‘दुसरं आहे ना’ म्हणूनच पाहत होतो; फक्त मी ते माझी लाज वाचवायला वापरत होतो. माझ्या मते या वाक्यातला खरा धोका हा आहे. दुसरं काहीतरी आहे म्हटलं की पहिल्याबद्दलचं सत्य पुढे ढकलता येतं. एकच इंजिन असतं तर मी जुलैमध्येच बोट बाहेर काढली असती. क्रेनचे पैसे गेले असते, चार दिवस थट्टा झाली असती, बस.

कुणी म्हणेल, मग एकच इंजिन बरं का? नाही. मला तसल्या साधेपणाच्या गोष्टी पटत नाहीत. तो मासेमार एका इंजिनावर आयुष्यभर नीट राहिला असेल, पण एका इंजिनाच्या किती बोटी परत आल्या नाहीत ते आपल्याला सांगायला त्या धक्क्यावर उभ्या नसतात. दोन इंजिनं खरोखर चांगली असतात. दोन सह्या, दोन किल्ल्या, दोन डॉक्टरांची मतं, हे सगळं चांगलं. पण ‘दुसरं’ ही वस्तू विकत मिळत नाही. विकत मिळतं ते आणखी एक. त्या आणखी एकाला दुसरं करायचं तर दर हिवाळ्यात नव्यानं विचार करावा लागतो, वेगळ्या हातांनी काम करावं लागतं. आणि पहिल्यात काही कळलं, की ते दुसऱ्याबद्दलही कळलं आहे का, हे लगेच, मोठ्यानं सांगावं लागतं.

त्या दोन पंख्यांचंही मला आता वेगळंच वाटतं. ते एकमेकांविरुद्ध फिरतात म्हणून बोट सरळ जाते. आम्हा दोघा मित्रांत पहिल्या वर्षी तसं होतं. तो माझ्या चुका काढायचा, मी त्याच्या. नंतर आम्ही एकाच दिशेनं फिरायला लागलो, भांडण संपलं, वेळ वाचला, आणि कुणीच कुणाला अडवेनासं झालं. डाव्याला उलटा म्हणून नावं ठेवली, पण बोटीवर कमी होता तो उलटा फिरणारा माणूस, ‘वॉशर नवे घातलेस का रे?’ असं विचारणारा.

बोट पुढे दोन वर्षं होती. मग मुलं मोठी झाली, कुणाला वेळ उरला नाही, विकली. घेणाऱ्याला मी डाव्या ड्राइव्हची हकीकत सांगितली, गिअर नवे आहेत आणि का नवे आहेत तेही. त्यानं किंमत थोडी पाडली. मित्र आणि मी अजून मित्र आहोत. गणपतीत एकमेकांकडे जातो. पण त्या ऑगस्टनंतर दोन्ही वर्षं, बोट निघण्याआधी तो स्वतः झाकण उघडून दोन्ही बाटल्या पाहायचा. मी पाहिल्या आहेत असं मी सांगितल्यावरही. पहिल्यांदा मला ते लागलं. दुसऱ्या वर्षी मी त्याच्यासाठी टॉर्च धरू लागलो.

मुलीला मी खरं काय ते सांगितलं, पण लगेच नाही. ती बारा वर्षांची झाल्यावर, एकदा गाडी चालवताना. तिनं थोडा वेळ बाहेर पाहिलं आणि म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं. तू ‘हो’ फार पटकन म्हणालास.”